देवापुढची मूठ

नांदूरघाटात शिवकन्याच्या घरी पाणी प्यायचं म्हणजे आधी हात धुवावे लागत. गंमत नाही सांगत. पाहुणा दारात उभा राहिला की ही तांब्या पुढं करायची, तो हातपाय धुवायला. चहा मागून, खुशाली मागून, आधी मोरी. नवरा शिवलिंगप्पा गावात किराणा दुकान चालवायचा. तोसुद्धा दुपारचा जेवायला आला की मुकाट मोरीकडं वळायचा. "हिला सरपंच करा, समदं गाव आंघोळ करू करू मरंल," असं तो चारचौघांत म्हणायचा. तिच्यासमोर मात्र ब्र काढायची टाप नव्हती.

अशा बाईनं लेकरांच्या खाण्याचं काम हातात घेतलं हे बरंच झालं, असं गावाला वाटायचं. नऊ वर्षांपूर्वी आठ बायांचा बचत गट निघाला आणि सातूचं पीठ करू लागला. गहू, मूग, हरभऱ्याचं डाळवं, जरा जिरं, जरा सुंठ. सगळं कढईत खरपूस भाजायचं, गटाच्या छोट्या गिरणीत दळायचं, चाळायचं, पाकिटं भरायची. भाजलेलं असल्यामुळं शिजवायची कटकट नाही. कोमट दुधात नाहीतर पाण्यात कालवलं की लेकराचं जेवण तयार. रानात खुरपायला जाणाऱ्या बायांना ते फार सोयीचं पडलं. केजच्या बाजारातसुद्धा लोक नाव घेऊन मागायला लागले.

खोलीतले कायदे शिवकन्याचे. केसांना फडकं, नखं कापलेली, बांगड्या कोपराकडं सारून वरून पट्टी बांधलेली. एकदा गटातल्या विमलबाईनं ओला हात पिठाच्या पिंपात घातला. शिवकन्यानं पिंपच्या पिंप म्हशीपुढं नेऊन रिकामं केलं.

"अगं बाई, धा किलो हाय ते!" विमलबाईनं बोंब मारली.

"म्हैस न्हाई म्हनायली का? मग तू कावून वरडायलीस?"

महिनाभर दोघी बोलल्या नाहीत. पण त्यानंतर ओला हात म्हणून कुणी त्या खोलीत नेला नाही. शिवकन्या सातवी शिकलेली, पण जंतू म्हणजे काय ते तिला कुणी शिकवायची गरज नव्हती. दिसत नाही ती घाण, एवढं तिला पक्कं ठाऊक होतं.

आता तिच्या लेकीचं सांगतो. कावेरी एकुलती एक, नेकनूरला दिलेली. दोनदा दिवस गेले आणि दोनदा पोट पडलं. तिसऱ्या वेळेला शिवकन्या कपिलधारच्या देवस्थानाला अनवाणी जाऊन आली, आणि पोर झाली. शिवांजली. गोरीगोमटी नव्हती, बाळसंही बेताचं, पण आजीला बघितलं की दोन्ही हात वर करायची. शिवकन्या त्या दोन हातांसाठी आठवड्यातून एकदा नेकनूर गाठायची आणि विहीणबाईंचे टोमणे हसत हसत गिळायची.

सहा महिने झाले, लेकराचं उष्टावण झालं. नातीला पीठ पाठवायचं म्हटल्यावर गटाचं पाकीट शिवकन्याला चालेना. तिनं स्टीलचा नवा डबा आणला, उकळत्या पाण्यातून काढला, उन्हात वाळवला, ताजं पीठ भरून स्वतः नेऊन दिला. पंधरा-वीस दिवस पोरगी चाटून पुसून खात होती. मग एका सकाळी उलट्या, जुलाब, ताप. नेकनूरहून बीडला नेलं. डॉक्टरांनी काही म्हणजे काही कसर ठेवली नाही. रक्त तपासलं, सुया लावल्या, रात्रंदिवस माणूस पायाशी बसून होतं. पण जंतू रक्तात शिरलेला. चौथ्या दिवशी सात महिन्यांची शिवांजली गेली. जंगमस्वामींनी विधी केला आणि लेकरू मातीत ठेवून लोक घरी आले.

जंतूचं नाव डॉक्टरांनी कागदावर लिहून दिलं होतं, साल्मोनेला. हा खाण्यातून पोटात जातो, म्हणाले. लेकराला काय देत होता?

"आजीचं पीठ," कावेरीची सासू वत्सलाबाई म्हणाली.

तिचं तरी काय चुकलं? नात तिचीही गेली होती आणि तिनं खरं तेच सांगितलं. पण कावेरी, जी चार दिवस तोंडातून शब्द काढत नव्हती, ती ताडकन उठली. "माझ्या मायच्या पिठात कायबी निघायचं न्हाई. तपासा. पाहिजे तिथं तपासा!"

बातमी नांदूरघाटला पोचायला किती वेळ लागतोय? दोन दिवसांत पाकिटं परत यायला लागली. कुणी भांडलं नाही, हेच वाईट. बाया यायच्या, पाकीट ओट्यावर ठेवायच्या आणि खाली मान घालून जायच्या. शिवकन्याला त्या पाकिटांचं काही वाटत नव्हतं. तिला एकच कळायला हवं होतं, आपल्या हातनं नात गेली का. बाकी गट, गाव, नाव, सगळं जाळात जाऊ दे. देवापुढं बसली की ती हेच घोकायची, बाबा, माझ्या हातनं झालेलं नसू दे.

अंबाजोगाईच्या एका कॉलेजात सोमेश्वर नावाचे सर होते, जंतूंचाच विषय शिकवणारे. मूळचे केजचे. त्यांची बायको लेकराला हेच पीठ घालायची, त्यामुळं ऐकल्या ऐकल्या त्यांच्याच तोंडचं पाणी पळालं होतं. ते आपणहून नांदूरघाटला आले. कढईजवळचे दाणे, गिरणीतलं पीठ, चाळणीवरचं, त्याच खेपेची शिल्लक चार पाकिटं, असे अकरा नमुने त्यांनी उकळलेल्या चमच्यानं पिशव्यांत भरले. बारावा नमुना नेकनूरचा, तो त्यांनी आधीच तिथं जाऊन आणला होता. कावेरीनं तो डबा फडक्यात गुंडाळून जपून ठेवला होता. सरांच्या हातात देताना म्हणाली, "माझ्या मायचं नाव धुऊन निघू द्या, सर."

सरांनी ओट्यावर बसून बायांना समजावून सांगितलं. "मावशी, कोरड्या पिठात हा जंतू मरत नाही, पडून राहतो. महिनोन् महिने. पिठाला वास येत नाही, चव बदलत नाही. आधी ते पीठ पोषक पाण्यात घालून उबेला ठेवायचं. जिवंत असंल तर वाढतो. मग त्यातून डीएनए काढून मशीनला लावायचा. साल्मोनेलाचाच डीएनए असंल तर मशीन त्याच्या नकला काढत सुटतं आणि पडद्यावर रेघ वर चढते. नसंल तर रेघ आडवी राहते. पूर्वी याला पाच-सहा दिवस लागायचे, आता उद्या दुपारी सांगतो."

"एकच जंतू आसला तरी घावंल?" शिवकन्यानं विचारलं.

"पाच-सहा चमचे पिठात एक जिवंत असला तरी घावंल."

"मग बरं," ती म्हणाली. आणि तिला खरंच बरं वाटलं, कारण आपलं पीठ तिला माहीत होतं.

दुसऱ्या दिवशी ती आणि विमलबाई जीपनं केजला, तिथून एसटीनं अंबाजोगाईला गेल्या. चपला बाहेर काढून, विचारून विचारून त्या खोलीत शिरल्या. मशीन काय, मिक्सरएवढं. शिवकन्यानं त्याला हात जोडले. सरांनी पडदा दाखवला. अकरा रेघा जमिनीला पडलेल्या आणि एक सरळ वर गेलेली.

"ही वरची कुनाची?" विमलबाईनं विचारलं.

"नेकनूरच्या डब्याची."

शिवकन्या स्टुलावर बसली. पण सर सांगत होते, "तुमचं पीठ स्वच्छ आहे, मावशी. दाणे स्वच्छ, गिरणी स्वच्छ, त्याच खेपेची चारही पाकिटं स्वच्छ. जंतू नंतर आला. ओला चमचा, उघडं झाकण, कुणाचे न धुतलेले हात, घरात असं होतं."

विमलबाई तिथंच ढसाढसा रडली. रडली आणि लगेच फोन लावायला बाहेर पळाली. गटाला लावला, नवऱ्याला लावला, आणि देव तिचं भलं करो, नेकनूरलाही लावला. वत्सलाबाईला मोठ्यानं सांगितलं, आमच्या गटाचं पीठ धुतल्या तांदळासारखं निघालं, जे झालं ते तुमच्या घरात झालं. मैत्रिणीच्या मायेपोटी केलं हो बिचारीनं. पण ते बोलणं वत्सलाबाईनं लगेच कुणाच्या पदरात टाकलं असंल ते काय सांगायला पाहिजे?

इकडं सर कागद भरत होते. "डबा भरताना काय काय केलं ते एकदा सांगा, लिहून ठेवतो."

शिवकन्या पाठ म्हणावं तसं सांगू लागली. डबा उकळला, वाळवला, हात धुतले, पीठ घातलं, दाबलं, झाकण लावलं. आणि पीठ घातलं नि दाबलं याच्यामध्ये तिची जीभ क्षणभर अडखळली. सरांच्या ते ध्यानात आलं नाही. त्यांनी लिहिलं, खाली तारीख घातली.

त्या दोन शब्दांच्या मध्ये काय होतं, ते तिला परतीच्या एसटीत नीट आठवलं. नऊ वर्षं प्रत्येक खेपेला ती एक गोष्ट करत आली होती. दळण झालं की पहिली मूठ चांदीच्या वाटीत घालून घरच्या देवळीत ठेवायची, भिंतीतल्या कोनाड्यात, देवाच्या तसबिरीपुढं. संध्याकाळी ठेवायची, सकाळी पूजा करून उचलायची. ती मूठ विकायच्या पिठात कधी गेली नाही. घरचे प्रसाद म्हणून चिमूट चिमूट खायचे. हे काही कुणाला सांगायचं काम नव्हतं. हे कामच नव्हतं मुळी, देवाचं होतं. आणि त्या एका वेळेला, नातीचा डबा भरताना, तिनं घरच्यांना चिमूटसुद्धा न देता ती सगळी मूठ डब्यात घातली होती. लेकराला देवाचं बळ मिळू दे म्हणून.

अख्ख्या घरात न झाकलेलं भांडं एकच, ती वाटी. झाकलेला नैवेद्य देवाला पोचत नाही, असं तिच्या सासूनं तिला शिकवलं होतं. पाण्याच्या हंड्यावर दोन-दोन झाकणं ठेवणाऱ्या बाईनं ती वाटी नऊ वर्षं रात्रभर उघडी ठेवली. तिथं घाण असेल हे तिच्या मनालाच कधी शिवलं नाही. देवापाशी कसली घाण?

घरी आली ती थेट देवळीकडं गेली. तसबीर हलवायची ती महाशिवरात्रीला, एरवी पुढूनच पुसायची. तिनं ती उतरवली. मागं भिंतीला पालीच्या लेंड्या चिकटलेल्या, काही खाली पडून भुगा झालेल्या, नेमक्या वाटी ठेवायच्या जागेवर. एक पाल कोपऱ्यातच होती. ती हलली नाही आणि शिवकन्याही हलली नाही. मग ती खाली बसली आणि शिवलिंगप्पा येईपर्यंत तिथंच बसून राहिली.

शिवलिंगप्पानं सगळं ऐकून घेतलं. तो काही कडू माणूस नव्हता. "पाल समद्याच्या घरात आसती," तो म्हणाला. "आपुन नऊ वर्सं खाल्लं, काय झालं का? सरांनी लिवून दिलंय ना? मग कावून उकरून काढायलीस? मेलेलं लेकरू माघारी येनार हाय का?"

"कावेरीला बोल लावायलेत."

"आज लावतील, उंद्या इसरतील. गप बस."

तेवढ्यात कावेरीचाच फोन आला. आवाज अगदी शांत. "माय, तुझं नाव निघालं बघ धुऊन. म्या म्हनत न्हवते का? चमचा माझाच ओला आसंल गं. मला आठवंना, पन आसंल. सासूबाई म्हनतेत, आसल्या हाताला देवानं दुसरं लेकरू द्यावंच कशाला. खरंच हाय त्यांचं. तू जेवलीस का?"

शिवकन्यानं फोन ठेवला. आपणच लेकरू मारलं असं लेकीला वाटावं आणि आईनं ते ऐकून जेवायला बसावं, हे तिच्याच्यानं होणार नव्हतं. तरीपण एक धागा उरला होता. लेंड्या दिसल्या म्हणून त्यात तोच जंतू असेल कशावरून? दुसऱ्या दिवशी तिनं उकळलेल्या चमच्यानं देवळीतला भुगा खरवडला, देवळीत उघडीच असलेली ती वाटी घेतली, दोन वेगळ्या पिशव्यांत बांधली आणि एकटीच अंबाजोगाईला गेली. सरांनी काय विचारलं ते तिनं धडपणी ऐकलंही नाही. "उंद्या सांगा," एवढंच म्हणाली. रात्र तिनं केजच्या मावसबहिणीकडं काढली आणि दुसऱ्या दिवशी दुपारी परत त्या खोलीत जाऊन उभी राहिली.

दोन रेघा. दोन्ही वर.

तिनं मूठ, वाटी, देवळीतली पाल, सगळं सांगितलं तेव्हा सरांनी हातातलं पेन खाली ठेवलं. मग म्हणाले, "मावशी, पालीच्या पोटात हा जंतू बऱ्याचदा असतो. पण हा घरचा नमुना आहे. गटाच्या कागदात मला हे लिहावं लागत नाही. तुम्हाला कळलं, आता वाटी झाकून ठेवा. आणखी कुणाला सांगून काय होणार?"

"तुमचं मशीन लई चांगलं हाय, सर," ती म्हणाली. "एका दिसात सांगतं. लेकरू व्हतं तवा सांगितलं आसतं तर..." पुढचं तिला बोलवेना. आणि त्यात मशीनचा तरी काय दोष? कुणी विचारलंच नव्हतं त्याला.

ती घरी गेलीच नाही. केजहून तशीच नेकनूरच्या गाडीत बसली. वाटेत दहा वेळा तिच्या मनात आलं की उतरावं आणि माघारी फिरावं. नवरा म्हणतो तेच शहाणपणाचं होतं, सर म्हणतात तेही. सांगून कुणाचं भलं होणार होतं? पण कावेरीच्या पदरी जे पाप घातलंय ते तिचं नव्हे, एवढं तरी आपण काढून घेऊ, ही एकच गोष्ट आपल्या हातात उरलीय, असं तिला वाटत होतं. लेक रडेल, चिडेल, पण सुटेल. या एका आशेवर ती नेकनूरला उतरली.

वत्सलाबाई सोप्यात डाळ निवडत बसली होती. कावेरी खांबाला टेकून होती, केस विस्कटलेले. आईला बघून ती उठली आणि आधी पाण्याचा तांब्या घेऊन आली, माहेरच्या सवयीनं, हात धुवायला. शिवकन्यानं तो घेतला नाही. उभ्या उभ्याच तिनं सगळं सांगितलं. मूठ, वाटी, तसबीर, पाल, कालच्या पिशव्या, आजच्या रेघा. काही वगळलं नाही, आवाज चढवला नाही. शेवटी म्हणाली, "वत्सलाबाई, माझ्या लेकीला बोल लावू नका. चमचा तिचा न्हवता. मूठ माझी व्हती."

वत्सलाबाईच्या हातातलं सूप कलंडलं. शिव्या येतील म्हणून शिवकन्या तयारच होती, पण त्या आल्या नाहीत. म्हातारीनं फक्त कपाळाला हात लावला आणि डोळे मिटून घेतले. खाली सांडलेली डाळ कुणी भरली नाही.

कावेरीनं विचारलं, "समदी मूठ?"

"व्हय. समदी."

"दुसऱ्या कुनाच्या पाकिटात न्हाई?"

"न्हाई, माय. फकस्त आपल्या शिवूच्या."

कावेरीनं हातातल्या तांब्याकडं बघितलं. बोलली ती अगदी हळू, आईला जसं गुपित सांगावं तसं.

"परवापासून मी सोताला म्हनायले, तूच मारलंस. आन मग मीच म्हनते, आसू दे, चार दिस जाऊ दे, नांदूरघाटाला जाईन, मायच्या मांडीवर डोकं ठिवीन आन एकदाचं रडून घीन. तेवढ्यावर तग धरून व्हते." तिनं तांब्या खाली ठेवला. "चमचाच ऱ्हाऊ द्यायचा व्हतास गं. आता मी कुनाच्या मांडीवर रडू?"

शिवकन्या एक पाऊल पुढं सरकली. कावेरी मागं झाली, आत गेली आणि दार आतून लावून घेतलं.